हिराच्या मापाचे बूट

नवीन माणूस भेटला की आपण त्याच्या तोंडाकडे बघतो. डेल्सी आधी पायांकडे बघते. लग्नाचा मांडव असो, मासळी बाजार असो, नाहीतर रविवारची मिस्सा सुटून लोक देवळाबाहेर पडत असोत, तिची नजर खाली जाते आणि कुणाची टाच कुठल्या बाजूनं झिजलीय ते तिला कळून चुकतं. तिची धाकटी बहीण क्लॉडिया सावंतवाडीला दिलीय. ती म्हणते, "आमच्या डेल्सीचा लगीन ह्याच्यामुळेच रवला. बघूक इलेल्या झिलाच्या तोंडाकडे हिणा बघूकच नाय."

"तेचो एक पाय मोठो होतो गो," डेल्सी गंभीर तोंड करून सांगते. "आणि बूट दोन्ही सारखे. स्वतःचो पाय कळना नाय, तो माका काय सांभाळतलो?"

मालवणातल्या एका शाळेत ती खेळाची शिक्षिका आहे. वर्गात, ऑफिसात ती स्वच्छ शुद्ध मराठी बोलते. मैदानावर पाऊल पडलं की मालवणी सुरू होते, आणि मुलांना त्या मालवणीचीच जास्त भीती वाटते. शाळेमागं सिमेंटचं एक टेनिस कोर्ट आहे. वारा सुटला की समुद्रावरची बारीक रेती त्याच्यावर येऊन बसते. रेतीवरून पाय सरकतो, म्हणून मुलं यायच्या आधी डेल्सी स्वतः खराटा घेऊन कोर्ट झाडते. शिपाई आहे, पण त्याचं झाडणं तिला पटत नाही.

आकांक्षा तिला सापडली ती शाळेच्या खेळांत. तोंडवलीची, मासेमारी करणाऱ्या गाबित घरातली पोर. धावायच्या शर्यतीत नंबर आला नाही तिचा. पण खो-खोत ती अनवाणी अशी वळायची की डेल्सी उभीच राहिली. कुर्ली, म्हणजे खेकडी, कशी आडवी जाते, तशी ही आडवी जायची आणि होती तिथं थांबायची. जन्मभर वाळूत धावलेले पाय. पंजा रुंद, बोटं एकमेकांपासून सुटी, पसरलेली. डेल्सीनं तिच्या हातात रॅकेट दिली त्याला आता दोन पावसाळे झाले. यंदा ती जिल्ह्यात पहिली आली आणि विभागाचे सामने सावंतवाडीत, रविवारी, ठरले.

मधल्या दिवसांत डेल्सीला ओरोसला शिक्षकांच्या प्रशिक्षणाला जावं लागलं. परतली ती शुक्रवारी. दुपारी कोर्टावर गेली तर आकांक्षाच्या पायांत नवे बूट. पांढरेशुभ्र, बाजूनं गुलाबी पट्टा. दिसायला मोगऱ्याच्या कळीसारखे.

"मामान मुंबैसून पाठयले," पोर म्हणाली आणि लगेच दुसरीकडं बघायला लागली.

डेल्सीनं चेंडू टाकायला सुरुवात केली. समोरचे चेंडू आकांक्षानं नीट मारले. मग एक लांब, लाइनीच्या कडेला टाकला. पोर धावली, पण नेहमीसारखी आडवी नाही गेली. अर्धवट वळून, डावा पाय उचलून टाकल्यासारखी गेली. दुसरा चेंडू टाकला. तेच. तिसऱ्याला ती गेलीच नाही.

"काय झाला गो?"

"काय नाय, टीचर."

"बूट काढ."

"कित्याक? आत्ताच बांधलंय."

"काढ म्हणान सांगलंय ना."

आकांक्षा कोर्टाच्या कडेला बसली, पण नाडीला हात लावेना. "टीचर, आधी शब्द देवा. बाबांक सांगूचा नाय."

"रविवारपर्यंत सांगूचंय नाय. आता बूट."

बूट निघाला, मोजा निघाला. डाव्या अंगठ्याचं नख काळं पडलं होतं. करंगळीवरची साल निघून लाल मांस दिसत होतं. डेल्सीनं बाहेरच्या घोट्यावर हळूच बोट दाबलं, तशी पोरीनं ओठ चावला.

आता हा घोटा म्हणजे त्या घरातली मोठी गोष्ट. गेल्या महिन्यात शाळेच्या कॅनव्हासच्या बुटाचा तळवा फाटून आकांक्षाचा तोच पाय मुरगळला होता. तिच्या बापानं, दत्तारामानं, तिला एसटीच्या थांब्यापासून घरापर्यंत पाठीवरून नेलं. भावकीतल्या बायका दारात उभ्या राहून बघत होत्या. लंगड्या चेडवाचं, पोरीचं, पुढं काय होणार, ते त्या मोठ्यानं बोलल्या. त्या दिवशी दत्तारामानं बायकोला सांगून टाकलं होतं, परत ही लंगडत घरी आली तर खेळ बंद. कुठल्याही टीचरनं पाय धरले तरी बंद.

डेल्सीनं बूट हातात घेऊन उलटा केला, वाकवला, पिळून बघितला. पळायचा बूट होता तो. टाच उंच, तळवा जाड आणि मऊ. सरळ रस्त्यावर धावायला ठीक. पण टेनिसमध्ये माणूस सरळ कमी आणि आडवा जास्त धावतो. गादीवर उभं राहून आडवी उडी मारली तर घोट्याचं जे होईल, ते ह्या बुटात होणार. त्यात तो अरुंद. पुढं बोटांचं मुटकुळं व्हावं इतका अरुंद.

"टीचर, अनवाणी खेळू?" आकांक्षानं विचारलं.

"अंपायर कोर्टात घेवचो नाय."

"मग ह्येच घालतंय. एकाच दिवसाचो प्रश्न आसा."

डेल्सीनं बूट खाली ठेवला. नाव मागं घ्यावं, तर बापूस का म्हणून विचारणार. ह्या बुटांत खेळवावं, तर रविवारी संध्याकाळी ही पोर परत पाठीवरून घरी जाणार. तिनं मनातल्या मनात सायबाचं, म्हणजे देवाचं, नाव घेतलं आणि तोंडवलीची एसटी धरली. पोर सोबत होतीच.

घराच्या अंगणात दत्ताराम जाळं विणत बसला होता. आकांक्षानं पडवीवरच्या बादलीतलं पाणी घेऊन पाय धुतले आणि भराभर आत गेली. डेल्सी तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात. सुभद्रा, म्हणजे आकांक्षाची आई, आडाळ्यावर बांगडे कापत होती. डेल्सीनं आवाज खाली ठेवून सगळं सांगितलं. सुभद्राचे हात तसेच थांबले.

"माप तर बरोबर घेतलंय, टीचरानू," ती कुजबुजली. "भावस म्हणालो, नंबर सांग. नंबर आमका काय ठावक? मगे हिर कापून पाठयलंय."

"हिर?"

सुभद्रानं हात पुसले आणि कोपऱ्यातल्या खराट्यातून माडाच्या पातीचा एक हीर ओढून काढला. "ह्या बघा. सकाळी आंघोळ करून बसलेली, पाय पसरून. टाचेकडे हिर लावलंय आणि अंगठ्याकडे मोडलंय. गावचो माणूस मुंबैक जायत होतो, तेच्या हातीन धाडलंय. बाबा माझे मिलात होते ना, तेवाची आमची रीत ही. आये हिर पाठयतली, बाबा चपला हाडतले. एकदाय चुकला नाय."

"चपला, वयनी," डेल्सी म्हणाली. "चपलेक भिंती नसतत. बोट वायच भायर इला तरी कोण ओरडना नाय."

सुभद्रा हिराकडे बघत राहिली. मग तिच्या ध्यानात आलं असावं, कारण तिनं तो हीर आपल्याच पायाशेजारी ठेवला. हिराला लांबी होती. रुंदी कुठं होती? आणि बसून घेतलेलं माप. उभं राहिलं, अंगाचा भार पडला, की पंजा पसरतो, पाऊल लांबतं. निलेशनं, तिच्या भावानं, दुकानात जाऊन तो हीर बुटात घातला असणार आणि ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत अगदी फिट बसला म्हणून खूश झाला असणार.

"भावस उद्या येतासा," सुभद्राचा आवाज आणखी खाली गेला. "रजा घेवन. ह्या घरात चेडवाच्या खेळाच्या बाजून बोलणारो तोच एक. तेका कसा सांगू, तुझे बूट वायट म्हणान? आणि ह्यांका कळला तर..." तिनं अंगणाकडे मान केली. "देवाक गाऱ्हाणा घातलंय मी रविवारसाठी."

"घातलास तां बरा केलास. उद्या चेडवाक माझ्या वांगडा धाडा. क्लॉडियाकडे रवतलो. बूट मी बघतंय."

बाहेर पडताना दत्तारामानं जाळ्यावरची नजर न उचलता विचारलं, "टीचरानू, पाय बरो आसा मां तिचो?"

दारात सुभद्रा उभी होती. तिनं डोळ्यांनीच विनवलं. 'बरो आसा' एवढे दोन शब्द पुरले असते. ते डेल्सीच्या जिभेवर आलेही. पण लहानपणापासून शनिवारी फादरसमोर गुडघे टेकून पापं कबूल करणारी बाई ती, खोटं तिला पेलत नाही. आणि पोरीला शब्द दिला होता, तोही मोडवेना.

"बरो आसा म्हणान मी सांगूचंय नाय, दादानू," ती म्हणाली. "उद्या हिका माझ्या ताब्यात द्या. रविवारी सांजेक तुमच्या हातात देतंय. ती स्वतःच्या पायान चालत इली नाय, तर परत तुमच्या दारात मी उभी रवाची नाय."

दत्तारामाची सुई जाळ्यात थांबली. सुभद्रानं दाराची चौकट घट्ट धरली. मग त्यानं दोरा दातानं तोडला.

"नेवा," तो म्हणाला.

शनिवारी त्या दोघी सावंतवाडीला दुपारीच पोचल्या. आकांक्षाला दुकानाची घाई झाली होती, पण डेल्सीनं तिला ऊन कलेपर्यंत क्लॉडियाच्या घरी पायावर उभं ठेवलं, भांडी घासायला लावली. दिवसभर वावरून संध्याकाळी पाय फुगतो, आणि खेळतानाही फुगतो. सकाळच्या पायावर घेतलेला बूट दुसऱ्या सेटला चावायला लागतो. मग दोघी बाजारात लवूच्या बुटांच्या दुकानात गेल्या. जाताना डेल्सीनं पोरीचे खेळायचे जाड मोजे आठवणीनं पिशवीत टाकले.

दुकानाच्या पायरीवर तिनं आकांक्षाला दोन्ही तळवे ओले करून उभं केलं. सिमेंटवर ठसे उमटले. टाच लहान, मधली कमान उंच, आणि पुढं पंजा सुपासारखा पसरलेला. डावा उजव्यापेक्षा थोडा मोठा.

"डाव्याचा माप धरूचा," डेल्सी म्हणाली. "मोठ्या पायाक बरो तो बूट घेवचो. बारक्या पायाक मोजो जाड करता येता."

लवूनं मुलींचे बूट काढले. पहिला जोड पंजाला आवळला. दुसरा डेल्सीनं हातात घेऊन वाकवला, तर मधोमध मोडला. "बोटांकडे वाकूक व्हयो, पोटात नाय," म्हणून तिनं बाजूला ठेवला. तिसरा टाचेला इतका ढिला की बोट आत जात होतं.

"टीचर, बूट घेतास काय नवरो?" लवू म्हणाला.

"नवरो एकवेळ असो तसो चालतलो," डेल्सी म्हणाली. "पुढचो दाखय."

आकांक्षा खुदकन हसली आणि तेवढ्यात दारात बॅग घेऊन निलेश उभा. स्टेशनवरून त्यानं फोन केला होता आणि डेल्सीनं दुकानाचं नाव सरळ सांगून टाकलं होतं. त्याची नजर आधी भाचीवर गेली, मग बाकड्याखाली ठेवलेल्या पांढऱ्या बुटांवर, मग भोवतालच्या उघड्या खोक्यांवर.

"ह्या काय चल्लाहा?"

डेल्सीनं सांगितलं. जेवढं बेतानं सांगता येईल तेवढं.

"म्हणजे मी पाठयलेले वायट?"

"वायट नाय. पळूक बरे आसत. हिका आडवा धावचा आसा."

"दुकानदारान खेळाचे म्हणान सांगलो. हिर घालून बघितलंय मी." त्याचा आवाज चढत गेला. "एक फोन करूचो होतो माका. साहेबाच्या पाया पडून रजा घेतलंय, ती ह्या बुटात हिका खेळताना बघूक. आणि हयसर इलंय तर माझे बूट बाकड्याखाली!"

लवू उगाच खोकी रचायला लागला. आकांक्षाचा चेहरा पडला. तिनं खाली वाकून पांढरे बूट ओढले, भराभर पाय कोंबले, नाड्या आवळल्या आणि उभी राहून हसली.

"मामा, मी ह्येच घालतंय. माका काय होवचा नाय."

डेल्सीचा हात पुढं झाला आणि थांबला. ओढून काढले असते, तर मामाचा अपमान झाला असता आणि पोरीचा हट्ट वाढला असता. गप्प राहिली असती, तर उद्याचा सामना ह्याच बुटांत. ती बाजूला सरली आणि दुकानातली मधली जागा मोकळी केली.

"बरा," ती म्हणाली. "मगे वायच आडवी धाव. कपाटापासून दारापर्यंत. उद्या धावतलंस तशी."

आकांक्षा मामाकडे बघत धावली. दाराशी डावा पाय टेकून वळायला गेली आणि बूट बाहेरच्या बाजूला कलंडला. पोरीनं काउंटर धरला म्हणून वाचली. आवाज काढला नाही तिनं, पण तोंड पांढरं झालं.

निलेशनं बॅग खाली टाकली. त्या पोरीसमोर गुडघ्यावर बसून त्यानं स्वतः नाडी सोडली, मोजा काढला. नखाकडं बघितलं. कितीतरी वेळ बघत राहिला.

मग त्यानं खिशातलं पाकीट उघडलं आणि मोडून दुमडलेला हीर बाहेर काढला. बहिणीनं पाठवलेला हीर त्यानं अजून जपून ठेवला होता. फरशीवर उभ्या भाचीच्या पायाशेजारी तो सरळ करून लावला. अंगठा हिराच्या पुढं गेला होता, आणि बोटं पार पलीकडं पसरली होती.

"आमच्या घराण्याचो पाय," तो हळूच म्हणाला. "माझ्याय बुटात मी दिवसभर बोटा आखडूनच बसतंय." आणि लवूकडं वळला. "बाबा, हिच्या पायाक बसतीत असले दाखय. रंग-बिंग बघू नको."

"चेडवांच्या बुटांका अंगच नसता," लवू म्हणाला. "झिलांचे बघतास?"

त्यानं काढले ते काळे-निळे, पिवळ्या पट्ट्याचे. पुढचं तोंड रुंद, तळवा सपाट, खाली नागमोडी नक्षी, बाजूंनी कडक.

"शी! बापयांचे बूट!" आकांक्षा म्हणाली. "सगळी हसतली माका."

"हसांदेत. पाय घाल."

डेल्सीनं जाड मोजे चढवले, तिला उभं केलं आणि बुटाच्या टोकाशी अंगठा दाबला. बोटांच्या पुढं अंगठ्याएवढी जागा होती. "बोटा हलय."

"हलतत, टीचर." पोरीच्या आवाजातच फरक पडला. "सगळी हलतत."

टाच किंचित उचलत होती. डेल्सीनं नाडी वरच्या शेवटच्या भोकातून ओवून परत बांधली. मग धाव म्हणाली. आकांक्षा कपाटापासून दारापर्यंत गेली, डावा पाय टेकला, वळली, परत आली. बूट जागचा हलला नाही. तिला कुणी सांगितलं नव्हतं, तरी तिनं आणखी एक फेरी मारली.

तरी डेल्सीचा जीव थाऱ्यावर नव्हता. कोरे बूट घालून दुसऱ्या दिवशी खेळायचं म्हणजे तेही एक संकटच. क्लॉडियाच्या घरी दिवेलागणीला रोझरी सुरू झाली, तेव्हा तिनं आकांक्षाला बूट घालून पडवीत फेऱ्या मारायला लावल्या. आत मणी सरकत होते, बाहेर पावलं वाजत होती. दहा मण्यांच्या एका दशकाच्या मध्येच डेल्सीनं कान टवकारले. डावं आणि उजवं पाऊल एकसारखं वाजत होतं. तिनं जिंकण्याचं मागणं मागितलं नाही. पाय धड राहू दे, एवढंच मागितलं.

सकाळी तिनं अंगठ्याला आणि करंगळीला पट्टी बांधली. पहिला सामना आकांक्षानं घेतला. दुसरा कोल्हापूरच्या उंच, गोऱ्या मुलीशी. ती मुलगी हुशार होती. तोंडवलीच्या ह्या पोरीच्या पायांत मुलग्यांचे बूट बघून आधी हसली, मग मुद्दाम डाव्या कडेला चेंडू टाकायला लागली. प्रत्येक वेळी डेल्सी बाकाची कड आवळायची. निलेश तर उठूनच उभा राहिला होता. तिसऱ्या सेटमध्ये एक चेंडू इतका लांब गेला की जाऊ नकोस, असं डेल्सीच्या तोंडातून निघून गेलं. आकांक्षा गेली. आडवी, कुर्लीसारखी. डावा पाय लाइनीबाहेर धप्पकन टेकला, अख्खं अंग त्याच्यावर आलं, आणि पाय तिथंच राहिला. चेंडू परत गेला. डेल्सीनं कपाळ, छाती, खांदे, असा हात फिरवला आणि डोळे मिटून घेतले.

सामना ती हरली. पण थोडक्यात हरली, आणि हात मिळवायला जाळीपर्यंत सरळ चालत गेली.

निलेश रात्रीच्या गाडीनं मुंबईला जाणार होता. बाकी दोघी एसटीनं निघाल्या. दमलेली पोर खिडकीशी डोकं टेकून झोपली आणि डेल्सीची नजर तिच्या पायांवर गेली. इतका वेळ पाय लोंबकळत ठेवून बसलं की घोटा आखडतो. उतरताना पहिलंच पाऊल वाकडं पडलं, तर बघणारा काय म्हणेल? आचरा मागं पडल्यावर तिनं पोरीला हलवून उठवलं.

"पाय फिरय. गोल गोल. दोन्ही."

"टीचर, झोप येता..."

"फिरय गो बाय. तुझो बापूस थांब्यावर आसतलो."

होता. एकटाच, हात पाठीमागं बांधून. एसटी थांबली, घंटी वाजली. डेल्सी आधी उतरली आणि वळून वर बघत राहिली. आकांक्षा पायरीवर आली, एका हातात रॅकेट, एका हातात पिशवी. शेवटची पायरी उंच होती. तिनं उडी मारली. दोन्ही पायांवर उतरली आणि चालत बापाकडं गेली.

दत्ताराम तिच्या पायांकडे बघत होता.

"कोणाचे ह्ये?"

"माझे. मामान घेतले."

"झिलांचे दिसतत."

"रुंद आसत, बाबा. बोटा हलतत."

त्यानं पिशवी तिच्या हातातून घेतली. डेल्सी दोन पावलं पुढं झाली. शब्द दिला होता तो सामन्यापुरता. "दादानू, एक सांगूचा आसा. तिच्या अंगठ्याचा नख काळा झाला हा. तां पडतला. आधीच्या बुटान..."

"ठावक आसा माका," दत्ताराम म्हणाला. "सुक्रवारी पडवेर पाय धुताना बघितलंय."

आकांक्षा जागच्या जागी थिजली. डेल्सी त्याच्याकडं वळली.

"तरी विचारलास?"

"तुमी काय सांगतास तां बघूक विचारलंय," तो म्हणाला. "बरो आसा म्हटला असतास, तर चेडवाक सोडूचंय नाय होतंय."

तो पिशवी खांद्याला लावून पुढं चालायला लागला. थोडं गेल्यावर थांबला, पण मागं वळला नाही.

"चला, टीचरानू. सुभद्रान च्याचा आधण ठेवल्यान हा."